तारे सर्वांचे, रेघा आपल्या



तुमच्या वर्गाचे हजेरीपुस्तक एकदा डोळ्यांसमोर आणा. त्यात एखादी सुरैया असेल, एखादी परवीन असेल. सुहैल, तारिक, अख्तर, अंजुम, नजमा, कौकब, जोहरा, कहकशां यांपैकीही काही नावे असतीलच. आता शेजारच्या मराठी शाळेचे हजेरीपुस्तक आठवा. तेथे रोहिणी, चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, रेवती, अश्विनी, कृत्तिका भेटतील. ही सगळी नावे आकाशातून आलेली आहेत. कोणी तारा आहे, कोणी नक्षत्र आहे, कोणी ग्रह आहे, तर कहकशां म्हणजे साक्षात आकाशगंगा. रोज सकाळी शिक्षक हजेरी घेतात, तेव्हा ते नकळत रात्रीच्या आकाशाचीच हजेरी घेत असतात!

आणखी एक गंमत पाहा. तुम्ही ज्या तारकांच्या झुबक्याला सुरैया किंवा परवीन म्हणता, त्याच झुबक्याला मराठीत कृत्तिका म्हणतात. थंडीच्या दिवसांत दक्षिणेला क्षितिजाजवळ जो ठळक तारा दिसतो, तो मराठीत अगस्ती आणि अरबी-उर्दूत सुहैल. म्हणजे मराठी शाळेतली कृत्तिका आणि आपल्या शाळेतली सुरैया या एकाच नावाच्या मैत्रिणी आहेत. फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

आज मला तुमच्याशी आकाशाबद्दल बोलायचे आहे, आणि कवितेबद्दलही. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. पण माझे मत असे आहे, की ज्याला आकाश पाहता येते त्याला कविता वाचता येते. आणि कवितेचा अर्थ दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा विद्यार्थी हा आकाशाचे चित्र पाहून आकाश पाहिल्याचे समाधान मानणाऱ्या माणसासारखा असतो.

आधी आकाशाकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. चार ठळक तारे एक मोठा चौकोन करून उभे असतात आणि त्या चौकोनाच्या मधोमध तीन तारे एका ओळीत दिसतात. हे मृग नक्षत्र. आपल्या देशातल्या जुन्या लोकांनी येथे एक हरिण पाहिले. चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय आणि मधले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. हा बाण कोणी मारला? त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवत नेली, की एक अतिशय तेजस्वी तारा लागतो. त्याचे नाव व्याध, म्हणजे शिकारी. ग्रीक लोकांनी तेच तारे पाहिले आणि त्यांना हरिण दिसलेच नाही. त्यांना एक धिप्पाड शिकारी दिसला. मधले तीन तारे त्याचा कमरपट्टा झाले. अरब खगोलशास्त्रज्ञांनी त्या आकृतीला 'जब्बार' म्हटले. त्यातल्या एका ताऱ्याला आज जगभर 'रायजेल' म्हणतात. हे नाव अरबीतल्या 'रिज्ल' या शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ पाय.

आता मला सांगा, यांतले खरे कोण? बाण खरा की कमरपट्टा? आकाशात तर ना बाण आहे, ना पट्टा. तेथे फक्त तारे आहेत. व्याध आपल्यापासून सुमारे साडेआठ प्रकाशवर्षे दूर आहे, तर रायजेल आठशेहून अधिक प्रकाशवर्षे. शिकारी आपल्या अंगणात आणि हरिण डोंगरापलीकडे, असा हा प्रकार आहे. त्यांना जोडणारी रेघ माणसाने काढली.

पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बाण म्हणणाऱ्याने तीनच तारे मोजले आणि पट्टा म्हणणाऱ्यानेही तीनच मोजले. कोणी चौथा तारा आपल्या पदरचा घातला नाही. कोणी नको म्हणून एखादा पुसला नाही. अर्थ दोन झाले, पण दोघांनीही डोळे उघडे ठेवून समोर जे आहे तेच पाहिले होते.

दुसरे उदाहरण घ्या. मृगाच्या वरच्या बाजूला एक तांबूस तारा चमकतो. त्याला आपण रोहिणी म्हणतो. 'रोहिणी' या शब्दातच तांबडेपणा आहे. म्हणजे ज्याने हे नाव ठेवले, त्याने ताऱ्याचा रंग पाहिला. अरबांनी याच ताऱ्याला 'अद्-दबरान' म्हटले. दबरान म्हणजे मागून येणारा. हा तारा सुरैयाच्या मागोमाग उगवतो आणि रात्रभर तिच्या मागे चालत राहतो. म्हणजे ज्याने हे नाव ठेवले, त्याने ताऱ्याची चाल पाहिली. एकाने रंग पाहिला, दुसऱ्याने चाल पाहिली. ज्याला दोन्ही नावे ठाऊक आहेत, त्याला तारा दुप्पट दिसला असे मी म्हणेन. मित्रांनो, तुम्हाला दोन्ही नावे ठाऊक होऊ शकतात. ही तुमची श्रीमंती आहे.

इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे काढली. एक, जमिनीवर उभे राहून वर पाहणाऱ्याला तो जसा दिसतो तसे. दुसरे, आकाशाच्या गोलावर बाहेरून पाहणाऱ्याला तो जसा दिसेल तसे. दोन्ही चित्रे एकमेकांच्या उलट. तरीही दोन्ही बरोबर! हजार वर्षांपूर्वीचा हा विद्वान आपल्याला सांगतो, की कोठे उभे राहून पाहता यावर चित्र अवलंबून असते. पण ताऱ्यांची जागा मात्र काळजीपूर्वक नोंदवावीच लागते.

आता कवितेकडे येऊ. कवितेतले शब्द हे तारे आहेत. कवीने ते जेथे ठेवले तेथेच ते आहेत. ते हलवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत रेघ काढायची असते ती वाचकाने. त्या रेघेलाच आपण अर्थ म्हणतो.

आपल्याकडे मात्र काय चालते? नवी कविता शिकवायला घेतली, की निम्म्या वर्गाजवळ गाईड तयार असते. कवितेची पहिली ओळ वाचण्याआधीच मुले तिचा भावार्थ वाचतात. 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गप्रेम व्यक्त केले आहे' असे एक वाक्य पाठ होते. मग कविता पावसावर असो, झाडावर असो की ताऱ्यांवर असो, सगळीकडे तेच वाक्य! परीक्षेत चाळीस उत्तरपत्रिकांत एकच अर्थ, एकाच शब्दांत, एकाच चुकीसह सापडतो. चाळीस मुलांनी एका खिडकीतून पाहिले असते तरी चाळीस वेगळ्या गोष्टी दिसल्या असत्या. मग कवितेतच सर्वांना एक गोष्ट कशी दिसते? कारण कोणी पाहिलेलेच नसते.

एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, आकाश बघताना कोणी आम्हाला विचारत नाही, की याचा अर्थ सांगा. नुसते बघितले की छान वाटते. मग कवितेचा अर्थ का विचारतात? ती नुसती वाचली तर चालणार नाही का?"

प्रश्न मोठा चांगला होता. मी त्याला म्हणालो, नक्की चालेल. उलट सुरुवात तशीच केली पाहिजे. कविता पहिल्यांदा वाचताना अर्थाच्या मागे धावूच नये. तिचा आवाज ऐकावा, तिची चाल ऐकावी. मुशायऱ्यात बसलेला माणूस शेर ऐकताच आधी 'वाह' म्हणतो, मग विचार करतो. पण आकाशाकडे नुसते पाहणाऱ्यालाही चार रात्रींनंतर प्रश्न पडू लागतात. हा तारा लुकलुकतो आणि तो का नाही? काल येथे होता तो आज थोडा सरकला कसा? प्रश्न पडला म्हणून आनंद कमी होत नाही. ज्याला ताऱ्याचे नाव कळते, तो दुसऱ्या रात्री त्याला शोधतो, आणि सापडला की ओळखीचा माणूस गर्दीत भेटल्यासारखा आनंद त्याला होतो. कवितेतही असेच होते. अर्थ हा आनंदाचा शत्रू नाही. पाठ केलेला अर्थ मात्र आनंदाचा शत्रू आहे.

आता एकाच गोष्टीचे दोन अर्थ कसे होतात, याचे एक सुंदर उदाहरण सांगतो. आपल्याकडे अशी समजूत होती, की स्वाती नक्षत्रात पडलेला पावसाचा थेंब शिंपल्यात गेला, की त्याचा मोती होतो. फारसी-उर्दू साहित्यातही हीच कल्पना आहे. तेथे नैसान महिन्यातल्या ढगाच्या थेंबाचा मोती होतो. शास्त्र म्हणून ही गोष्ट खरी नाही. शिंपल्याच्या शरीरात एखादा बाहेरचा कण किंवा जीव शिरला, की शिंपल्यातला प्राणी त्याच्याभोवती चकचकीत द्रव्याचे थर चढवतो आणि त्याचा मोती बनतो. पावसाचा तेथे काही संबंध नाही. मग कवी खोटे बोलले काय?

भर्तृहरी या संस्कृत कवीने आपल्या नीतिशतकात हाच थेंब घेतला. सतराव्या शतकात वामन पंडितांनी ते शतक मराठीत आणले. भर्तृहरी सांगतो, की पाण्याचा थेंब तापलेल्या लोखंडावर पडला तर त्याचे नावही उरत नाही, कमळाच्या पानावर पडला तर मोत्यासारखा दिसतो आणि स्वातीत शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. म्हणजे माणसाचे बरे-वाईट त्याच्या संगतीवर ठरते. तेराव्या शतकात इराणमधल्या शेख सादींनी 'बोस्तान' या ग्रंथात तोच थेंब घेतला. त्यांचा थेंब ढगातून निघाला, समुद्राची विशालता पाहून लाजला आणि मनात म्हणाला, की एवढ्या समुद्रापुढे मी कोण? त्याने स्वतःला लहान मानले म्हणून शिंपल्याने त्याला कुशीत घेतले आणि तो मोती झाला. सादींना सांगायची होती नम्रता.

थेंब तोच, शिंपला तोच, मोती तोच. एकाने संगतीची रेघ काढली, दुसऱ्याने नम्रतेची. दोन्ही अर्थ टिकले, कारण दोघांनीही थेंबाची गोष्ट नीट धरून ठेवली. हे ज्याला कळले, तो 'थेंबाचा मोती खरोखर होतो का?' एवढ्यावर थांबणार नाही. तो विचारील, 'येथे थेंबाच्या तोंडून कवी काय सांगत आहे?' साहित्य वाचण्याची सुरुवात या प्रश्नापासून होते.

येथे कोणी म्हणेल, "मग काय, ज्याला जो वाटेल तो अर्थ! उत्तर चुकणारच नाही." तसे मात्र नाही. मृग नक्षत्रात कोणी हरिण पाहील, कोणी शिकारी पाहील. पण कोणी म्हणू लागला, की तेथे चंद्र आहे, तर आपण त्याला डोळे तपासून घ्यायला सांगू. कवितेच्या अर्थालाही तीन कसोट्या लावाव्यात, असे मला वाटते. पहिली, आपण सांगतो तो अर्थ ज्या शब्दांवरून निघाला, ते शब्द कवितेत बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत. दुसरी, तो अर्थ एका ओळीपुरता नव्हे, तर संपूर्ण कवितेला लागू पडला पाहिजे. शेवटच्या ओळी आपल्या अर्थाच्या विरुद्ध जात असतील, तर अर्थ बदलावा, ओळी नव्हेत. तिसरी, दुसऱ्याने वेगळा अर्थ सांगितला तर तो शांतपणे ऐकून घेता आला पाहिजे. त्याला आपल्यापेक्षा एखादा तारा जास्त दिसला असेल. या तीन कसोट्यांना जो अर्थ उतरला, तो गाईडमध्ये नसला तरी बरोबरच समजावा.

तुमची अडचण मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, "सर, मराठी आमची दुसरी भाषा. घरी आम्ही उर्दू बोलतो. कवितेतले निम्मे शब्द कळत नाहीत. मराठी कवितेचा अर्थ आम्ही कोण सांगणार? आणि वेगळे लिहिले तर गुण कापले जातील ना?"

गुणांचे आधी सांगतो. आपल्या शब्दांत नीट कारण देऊन लिहिलेले उत्तर शिक्षकाला चाळीस सारख्या उत्तरांत लगेच ओळखू येते. ते वाचून बरे वाटते, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. आणि समजा एखाद्या ठिकाणी अर्धा गुण गेलाच, तरी स्वतः विचार करण्याची सवय त्या अर्ध्या गुणापेक्षा महाग आहे. गाईड पुढच्या वर्गात बदलते. सवय जन्मभर पुरते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. मराठी साहित्य आपले नाही, आपण तेथे पाहुणे आहोत, ही ती शंका. ही मनातून काढून टाका. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहितात आणि मराठी संतकवींत त्यांचे नाव घेतले जाते. विसाव्या शतकात शाहीर अमर शेख यांचा आवाज साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या घरात आपली माणसे फार आधीपासून राहतात. आपण दारात उभे राहण्याचे कारण नाही.

शिवाय साहित्य वाचणाऱ्याचे नाव विचारीत नाही. याबाबत एक खरी गोष्ट ऐका. डॉ. जयंत नारळीकर हे आकाशाचा अभ्यास करणारे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापूरला झाला आणि २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली, पण स्वतःच्या नावाने पाठवली नाही. आपले नाव पाहून परीक्षकांचे मत बदलू नये, म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप असे नाव घेतले. स्वतःच्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. त्या अनोळखी जगतापांच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले! परीक्षकांनी नाव वाचले नव्हते, कथा वाचली होती. पुढे हेच नारळीकर नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत. पण जन्मभर आकाश पाहणाऱ्या माणसाला मराठी साहित्याने आपले अध्यक्षपद दिले, ही आपल्या नाशिक जिल्ह्यात घडलेली गोष्ट आहे.

ज्या नगरीत ते संमेलन भरले, तिला कुसुमाग्रजांचे नाव होते. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर. नाशिकचे हे कवी. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. १९४२ मध्ये त्यांचा जो गाजलेला कवितासंग्रह निघाला, त्याचे नाव 'विशाखा'. पुन्हा नक्षत्रच! या संग्रहात 'पृथ्वीचे प्रेमगीत' नावाची कविता आहे. तिच्यात पृथ्वी सूर्याशी बोलते. युगानुयुगे ती त्याच्याभोवती फिरत आहे. शुक्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतू असे किती जण तिचे मन वळवू पाहतात, पण तिला फक्त सूर्य हवा आहे. आणि तरीही, दुबळ्यांच्या क्षुद्र प्रेमापेक्षा त्या तेजस्व्याचे दूर असणे तिला परवडते.

ही कविता समोर घेऊन आपण आपल्या कसोट्या लावू. ही प्रेमाची कविता आहे काय? आहे, नावातच ते आहे. ही स्वाभिमानाची कविता आहे काय? होय, कारण पृथ्वी हलक्या गोष्टींवर समाधान मानीत नाही. ही भक्तीची कविता म्हणून वाचता येईल काय? आता उर्दू शिकणारा विद्यार्थी येथे हात वर करील, असे मला वाटते. कारण गझल वाचताना तुम्ही इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी हे दोन शब्द शिकलेले असता. प्रिय व्यक्तीवरचे प्रेम आणि ईश्वरावरचे प्रेम एकाच शेरात कसे नांदते, हे तुम्हाला नवे नाही. मराठी कवितेचे कुलूप उघडणारी एक किल्ली तुमच्या खिशात आधीपासूनच आहे. ती बाहेर काढायला तुम्ही लाजता, एवढेच.

आणखी पुढे जाऊ. उर्दू कवितेत शमा आणि परवाना आहेत. परवान्याला शमेचे इतके वेड, की तो झेप घेतो आणि जळून जातो. आता कुसुमाग्रजांची पृथ्वी पाहा. तिचेही प्रेम आगीवरच आहे. पण ती झेप घेऊन संपत नाही. ती अंतर राखून फिरत राहते. परवान्याचे प्रेम मोठे की पृथ्वीचे? जळून जाणे कठीण की न जळता युगानुयुगे फिरत राहणे कठीण? हा प्रश्न गाईडमध्ये तुम्हाला सहसा सापडणार नाही. ज्याच्या एका कानात शमा-परवाना आहे आणि दुसऱ्या कानात पृथ्वीचे गीत आहे, त्यालाच तो सुचेल. विज्ञानाचे पुस्तकही येथे साक्ष देईल. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. हे अंतर आहे म्हणून पृथ्वीवर पाणी आहे, गवत आहे, आपण आहोत. पृथ्वी परवान्यासारखी वागली असती, तर कविता लिहायला आणि वाचायला कोणी उरले नसते.

इक्बाल यांच्या 'बांग-ए-दरा' या १९२४ च्या संग्रहात चंद्र आणि तारे यांच्या संवादाची एक कविता आहे. तारे रोजच्या चालण्याला कंटाळून चंद्राला विचारतात, हा प्रवास कधी संपेल काय? चंद्र त्यांना समजावतो, की चालत राहण्यातच जगाचे जीवन आहे. न थांबणारे तारे इकडे, न थांबणारी पृथ्वी तिकडे. या दोन कविता शेजारी ठेवून पाहा. आपल्या वर्गातच हे होऊ शकते, कारण आपल्या दप्तरात दोन्ही भाषा आहेत.

आता आमच्या गावाबद्दल थोडे सांगतो. आमचे एकलहरे नाशिकजवळ गोदावरीच्या काठी आहे. येथे नाशिक औष्णिक विद्युत केंद्र आहे. २१० मेगावॅटचा एक असे तीन संच येथे आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, वाफेने चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. उंच धुराड्यांवरचे तांबडे दिवे रात्री लांबून दिसतात. येथली वीज किती घरांत उजेड पाडते, किती मुले त्या उजेडात अभ्यास करतात! विजेचे उपकार आपण विसरू नयेत. पण त्याच उजेडाने आणि धुरकट हवेने केंद्राभोवतीचे आकाश फिके पडते, हेही तितकेच खरे. खऱ्या काळोखात नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. दिव्यांच्या झगमगाटात मोजायला बसले तर शंभरही भरत नाहीत. काळोख ही आता जपून ठेवण्याची वस्तू झाली आहे. म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला, रात्रीचा काळोख जपणारे भारतातले पहिले उद्यान म्हणून मान्यता मिळाली.

मला वाटते, तयार भावार्थ हा असाच एक मोठा दिवा आहे. तो वाईट नाही. अडलेला शब्द, संदर्भ, कवीची माहिती यांसाठी तो जरूर लावावा. पण तो आधीच लावला, तर त्याच्या झगमगाटात कवितेतले बारीक तारे दिसेनासे होतात. उजेडातून काळोखात आल्यावर डोळ्यांना सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हे तुम्ही स्वतः करून पाहा. पहिल्या मिनिटाला चार तारे दिसतात, वीस मिनिटांनी तेच आकाश भरून आलेले असते. आकाश बदललेले नसते, आपले डोळे तयार झालेले असतात. कवितेलाही ही वीस मिनिटे द्यायला हवीत. न समजण्याची ती वीस मिनिटे घाबरण्याची नाहीत. ती डोळे तयार होण्याची आहेत.

आणि एक लक्षात ठेवा. उत्तरेकडे तोंड करून हात लांब करा आणि क्षितिजावर एकावर एक अशा दोन मुठी ठेवा. आपल्या नाशिक भागात साधारण तेवढ्या उंचीवर ध्रुव तारा सापडतो. त्याचा जो प्रकाश आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तेथून निघाला साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे वर्षांपूर्वी, म्हणजे अकबर बादशहाच्या काळात. तेव्हा पैठणचे संत एकनाथ हयात होते. इतकी वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश एखाद्या मुलाच्या डोळ्यांत येऊन विसावतो. कवी जातो, त्याचा काळ जातो, पण त्याचे शब्द चालत राहतात आणि एके दिवशी तुमच्या बाकावर येऊन पोचतात. अशा वेळी तुम्ही मान खाली घालून दुसऱ्याने लिहिलेला अर्थ उतरवत बसलात, तर एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याकडे तुम्ही पाहिलेच नाही, असे होईल.

म्हणून माझे तुम्हाला दोन आग्रहाचे सांगणे आहे. पुढची मराठी कविता आली, की भावार्थाचे पान मिटून ठेवा. कविता तीनदा वाचा. एकदा कानांसाठी मोठ्याने, एकदा शब्दांसाठी सावकाश, एकदा अर्थासाठी मनात. मग वहीत आपली रेघ आपण काढा. उर्दूतले काही आठवले तर तेही लिहा, आणि वर्गात उभे राहून सांगा. दुसरे, या थंडीत एका अमावास्येच्या आसपास घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दिव्यांपासून थोडे दूर जा. सुरैया शोधा, तिच्यामागे चालणारी तांबूस रोहिणी शोधा, मग मृगाचा बाण आणि दक्षिणेला सुहैल. धाकट्या भावंडांना प्रत्येकाची दोन्ही नावे सांगा.

तारे सर्वांसाठी सारखेच उगवतात. त्यांना जोडायचे काम ज्याचे त्याने करायचे असते. ते तुम्ही करा. चुकले तर पुन्हा वर पाहा. आकाश तेथेच आहे.